भर समुद्रात कोण बघतंय?



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही दिवस कॉम्प्युटरकडे बघू नका म्हणून सांगितलं आणि सूनबाईंनी ते डॉक्टरांपेक्षाही कडकपणे अमलात आणलं. आता स्वच्छ दिसतंय, तेव्हा तुमची सुटका नाही!

आजचा विषय आहे बोटींचा धूर. हसू नका. मी मराठी घेऊन बीए झालेली, आयुष्यभर व्याकरण आणि इतिहास शिकवलेली बाई. इंजिनातलं मला ओ की ठो कळत नाही. पण माझं घर उरणला. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, तेव्हापासून संध्याकाळी पीरवाडीच्या किनाऱ्यावर गेलं की लांब समुद्रात उभ्या असलेल्या बोटी मोजायची सवय लागली. त्यात माझा भाचा कंटेनरच्या बोटीवर चीफ इंजिनियर. त्यामुळे बोटी आमच्या घरात जेवणाच्या ताटापर्यंत येतात.

२०२५च्या दिवाळीत तो रजेवर होता. फराळाला आला आणि चकलीचा तुकडा मोडता मोडता म्हणाला, "आत्या, बोटीवर सगळ्यात जास्त टेन्शन कधी असतं सांग." मला वाटलं वादळात. तर म्हणाला, "नाही गं. उत्तर समुद्रात शिरायच्या आधी तेल बदलायचं असतं, तेव्हा."

मग त्याने मला समजावून सांगितलं. ते माझ्या भाषेत सांगते. रिफायनरीत कच्च्या तेलातून पेट्रोल, डिझेल, रॉकेल काढून घेतलं की तळाशी जो डांबरासारखा गाळ उरतो, त्यावर बोटी वर्षानुवर्षं चालत आल्या. स्वस्त असतो, पण इतका घट्ट, की तापवल्याशिवाय वाहत नाही. आणि त्यात गंधक भरपूर. जळलं की ते हवेत जातं, दम्याच्या माणसाच्या छातीत जातं, पावसात उतरून आम्लाचा पाऊस होतो. जगातला बहुतेक माल बोटींनी जातो, म्हणजे हा धूरही जगभर.

याला आळा घालण्यासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने (तिचं कार्यालय लंडनला आहे) नियम केला. तो २००५ साली लागू झाला तेव्हा मर्यादा होती साडेचार टक्के, म्हणजे एक टन तेलात ४५ किलो गंधक चालेल. २०१२ पासून ३५ किलो. १ जानेवारी २०२० पासून एकदम ५ किलो. आणि बाल्टिक समुद्र, उत्तर समुद्र, अमेरिका-कॅनडाचा किनारा अशा राखीव पट्ट्यांत २०१५ पासून फक्त १ किलो. मे २०२५ पासून भूमध्य समुद्रही त्या पट्ट्यांत आला. (आपल्या गाड्यांच्या बीएस-सहा डिझेलमध्ये टनाला १० ग्रॅमच चालतं, यावरून बोटींना अजून किती मोकळीक आहे ते बघा.)

तर अशा पट्ट्यात शिरण्याआधी जाड, गरम तेल बंद करून हलकं तेल सुरू करायचं. एकदम केलं तर गरम झालेले पंप थंड तेलाने अडकतात, इंजिन बंद पडू शकतं, आणि तेही जिथे बोटींची गर्दी असते अशा जागी. म्हणून काही तास आधीपासून हळूहळू बदलायचं. किती वाजता, कुठल्या अक्षांश-रेखांशावर बदल पूर्ण झाला, टाकीत किती तेल होतं, हे वहीत लिहून सही करायची.

मी शिक्षिका. माझ्या तोंडून तोच प्रश्न आला जो पस्तीस वर्षांत हजार वेळा आला असेल. म्हटलं, "अरे, रात्री दोन वाजता भर समुद्रात तुम्हाला कोण बघतंय? लिहायचं वहीत आणि जाळायचं जाडच."

तो हसला. म्हणाला, "आत्या, पुलाला नाक आहे."

आणि खरंच आहे! डेन्मार्कमध्ये ग्रेट बेल्ट नावाचा प्रचंड झुलता पूल आहे. बाल्टिकमध्ये जाणाऱ्या मोठ्या बोटी त्याखालून जातात. त्या पुलावर धूर हुंगणारं यंत्र बसवलंय. बोट खालून गेली, धूर वर आला, की यंत्र त्यातला गंधकाचा वायू आणि कार्बन डायऑक्साइड यांचं प्रमाण मोजतं. कार्बनवरून किती तेल जळलं ते कळतं, त्यावरून तेलात गंधक किती होतं ते कळतं. साधं त्रैराशिक! बोटीला थांबवायचीही गरज नाही. बेल्जियमचं विमान हेच यंत्र घेऊन समुद्रावर फिरतं, कुठे ड्रोन फिरतात. धूर संशयास्पद निघाला की पुढच्या बंदरात निरोप जातो, तिथे निरीक्षक टाकीतलं तेल तपासायला हजर. तेल घेताना मिळालेली पावती तीन वर्षं जपून ठेवायची असते, आणि सीलबंद बाटलीतला नमुनाही ठेवावा लागतो.

आता मुख्य प्रश्न. कंपन्या हे सगळं का पाळतात?

पहिलं उत्तर सगळ्यांच्या तोंडावर असतं, की दंडाच्या भीतीने. ते अर्धंच खरं आहे. मोठी कंटेनरची बोट दिवसाला शंभर टनांहून जास्त तेल खाते. जानेवारी २०२० मध्ये नियम बदलला तेव्हा जाड आणि स्वच्छ तेलाच्या भावात टनामागे दोनशे-तीनशे डॉलरचा फरक होता. दोनशेच धरा. शंभर टनाला वीस हजार डॉलर. रुपयात कित्येक लाख, आणि तेही एका बोटीचे एका दिवसाचे! एवढा मोह समोर असताना अधूनमधून होणारा दंड काय भीती घालणार? तो खर्चात धरता येतो.

भाचा म्हणाला, "दंडापेक्षा अडकून पडायची भीती मोठी." बोट बंदरात अडकवून ठेवली, की रोजचं भाडं बुडतं, पुढच्या बंदरातली जागा जाते, माल उशिरा पोचतो. शिवाय तपासणीत काय निघालं ते लपत नाही. पॅरिस करारातल्या देशांची बंदरं (हा करार १९८२ चा) आपले अहवाल एकमेकांना देतात, अडकवलेल्या बोटींची यादी जाहीर होते. हिंदी महासागरातल्या देशांनीही १९९८ साली असाच करार केला, त्याचं सचिवालय आपल्या गोव्यात थाटलं गेलं. माल पाठवणारा, विमा उतरवणारा, कर्ज देणारी बँक, सगळे बोटीचा पूर्वेतिहास बघतात. एकदा नाव खराब झालं की पुढच्या प्रत्येक बंदरात निरीक्षक आधी तुमच्याच बोटीवर चढणार.

या बंदरांच्या तपासणीत एक मोठा शहाणपणा आहे, तो मला फार आवडला. बोटीचा मालक ग्रीसचा, झेंडा पनामाचा नाहीतर लायबेरियाचा, खलाशी फिलिपिन्सचे आणि आपले, माल चीनचा. मग तिला दटावणार कोण? झेंडा देणाऱ्या देशावर विसंबलं तर जो सगळ्यात ढिला त्याचाच झेंडा सगळे लावतील. म्हणून ठरलं असं, की ज्याच्या बंदरात बोट येईल त्याने तपासायचं. झेंडा कुठलाही असो, अगदी त्या देशाने करारावर सही केलेली नसली, तरी बोटीला सवलत नाही. वर्गात साहेबांचा मुलगा असो की शिपायाचा, पेपर एकच.

आणि वहीवर सही कंपनीची नसते, माणसाची असते. "खोटं लिहिलं तर तुरुंगात मी जाणार, आमचा चेअरमन नाही," हे भाच्याचे शब्द. त्याने एक गोष्ट सांगितली, धुराची नाही, तेलकट सांडपाण्याची. 'कॅरिबियन प्रिन्सेस' नावाच्या पर्यटक बोटीवर गुपचूप नळी जोडून ते पाणी समुद्रात सोडलं जात होतं. २०१३ मध्ये तिथे नव्याने लागलेल्या एका इंजिनियरने हे पाहिलं आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांना कळवलं. २०१६ मध्ये कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल केला, दंड झाला चार कोटी डॉलर. म्हणजे भर समुद्रातही बघणारं कोणीतरी असतं, आणि ते बोटीवरच असतं.

इथवर माझं समाधान झालं होतं. पण पुढे तो जे बोलला त्याने माझी झोप उडवली. म्हणाला, "आत्या, तपासणी कडक करा असं कंपन्याच म्हणतात. २०१४ मध्ये काही कंपन्यांनी त्यासाठी गटच काढला." ट्रायडंट अलायन्स त्याचं नाव. मर्स्कसारख्या मोठ्या कंपन्या त्यात होत्या. २०१५ चा कडक नियम तोंडावर आला होता, आणि यांचं मागणं नियम सैल करा असं नव्हतं. नियम नीट राबवा, चोरांना पकडा, असं होतं. कारण उघड आहे. मी रोज वीस हजार डॉलर जास्त घालवायचे आणि शेजारच्या बोटीने फसवून तेवढे वाचवायचे, मग तो भाडं कमी लावणार आणि माझं गिऱ्हाईक पळवणार. नियमाचा बोजा त्यांना पेलत होता. पेलत नव्हतं ते फसवणाऱ्याच्या शेजारी उभं राहणं.

त्या रात्री मला एक मुलगी आठवली.

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. दहावीच्या परीक्षेला मला दुसऱ्या शाळेच्या केंद्रावर सुपरव्हिजनला पाठवलं होतं. शाळेचं नाव सांगत नाही. गणिताचा पेपर. खिडक्यांबाहेर माणसं उभी, चिठ्ठ्या आत येत होत्या, पाणी द्यायच्या निमित्ताने कोणी वर्गात डोकावत होतं. केंद्राच्या प्रमुखांनी सकाळीच सांगितलं होतं, "बाई, जरा सांभाळून घ्या, खेड्यातली मुलं आहेत." मी सांभाळून घेतलं. म्हणजे काय केलं, तर फळ्याकडे तोंड करून वेळ लिहीत राहिले. दर दहा मिनिटांनी. इतक्या वेळा कोणी वेळ लिहितं का! पण वळून बघावं लागू नये म्हणून लिहीत होते.

पेपर सुटल्यावर तिसऱ्या बाकावरची एक मुलगी माझ्यापाशी आली. दोन घट्ट वेण्या, हाताला शाई. रडत नव्हती, रागावलीही नव्हती. तिने खरंच विचारायचं म्हणून विचारलं, "बाई, माझा भाऊ नववीत आहे. त्याला सांगू का, अभ्यास नको करूस म्हणून?"

मी काहीतरी गुळमुळीत बोलले, प्रामाणिकपणाचं फळ वगैरे. ती मान डोलावून गेली. इतकी वर्षं मला वाटत होतं, की त्या दिवशी मी चिठ्ठ्या वापरणाऱ्या मुलांचं नुकसान केलं, त्यांच्या चारित्र्याचं वगैरे. भाच्याशी बोलल्यावर कळलं, की खरं नुकसान मी तिचं केलं. वर्गात जी अभ्यास करून आली होती, तिलाच कडक सुपरवायझर हवा होता. तिला संरक्षण द्यायला मला तिथे पाठवलं होतं, आणि मी तिच्याकडे पाठ फिरवली.

मूल्यशिक्षणाच्या तासाला मी मुलांना सांगत असे, की भीतीने पाळलेला नियम खरा नव्हे, मनापासून पाळा. आता माझं मत बदललं आहे, या वयात बदलतं याचं माझं मलाच नवल वाटतं. मनापासून पाळणारे जगात पुष्कळ असतात. पण मनापासून पाळणाऱ्याला सुद्धा एक खात्री लागते, की आपण एकटेच मूर्ख ठरणार नाही. ती खात्री म्हणजे तो पूल, ते विमान, ती बाटली. बऱ्याच जणांना वाटतं तपासणी फक्त लबाडांसाठी असते. मला वाटतं ती आधी प्रामाणिक माणसाचा प्रामाणिकपणा टिकावा म्हणून असते. डेन्मार्क-स्वीडनकडच्या मोजण्यांत शंभरातल्या साधारण पंच्याण्णव बोटी नियमात सापडल्या. त्या पंच्याण्णवांतले सगळे काही संत नव्हेत आणि सगळे भित्रेही नव्हेत. शेजारीही पाळतोय हे त्यांना दिसत होतं, एवढंच.

२०२० च्या नियमाच्या वेळी हेच झालं. तारीख २००८ साली ठरवली, २०१६ मध्ये पक्की केली, म्हणजे तयारीला वेळ दिला. तारीख सगळ्या जगाला एकच ठेवली. आणि मार्च २०२० पासून आणखी एक पाचर मारली, की धूर धुण्याचं यंत्र नसलेल्या बोटीच्या टाकीत वापरायचं म्हणून जाड तेल सापडलं तरी गुन्हा. ते जाळलं हे सिद्ध करायची गरजच उरली नाही. खिशात चिठ्ठी सापडली की कॉपी, तसंच! यामुळे बोटींच्या गंधकात सुमारे ७७ टक्के घट होईल असा त्या संघटनेचा अंदाज होता.

सगळं गोड आहे असं मात्र नाही. ते धूर धुण्याचं यंत्र (स्क्रबर म्हणतात) बसवलं तर जाड, स्वस्त तेल जाळायची परवानगी राहते. हजारो बोटींनी ते बसवलं. त्यातल्या बऱ्याच यंत्रांत समुद्राच्या पाण्याने धूर धुवायचा आणि ते पाणी पुन्हा समुद्रातच सोडायचं. नियमाचं अक्षर पाळलं गेलं, पण घाण हवेतून उचलून पाण्यात टाकली. सिंगापूरने आपल्या बंदरात असं पाणी सोडायला २०२० पासून बंदी घातली. गाइड पाठ करून पैकीच्या पैकी मार्क मिळवणारी मुलं मला आठवतात. त्यांना नापास करता येत नाही, आणि शाबासकी द्यायला हात उचलत नाही.

आणि मग कार्बनची गोष्ट. भाच्याला दिवाळीत राग आला होता तो त्याचाच. जगाच्या कार्बनमधला जवळजवळ तीन टक्के वाटा बोटींचा. २०२३ साली देशांनी २०५० च्या आसपास तो शून्यावर आणायचं ठरवलं. त्याच वर्षापासून बोटींना ए ते ई असे शेरे मिळू लागले, पण ई शेरा आला तर काय? सुधारणेचा आराखडा सादर करायचा. बस्स! दंड नाही, बोट अडकवणं नाही. प्रगतिपुस्तकावर 'अधिक प्रयत्न आवश्यक' लिहून आम्ही मुलांना वरच्या वर्गात ढकलायचो, तसं. युरोपने २०२४ पासून आपल्या बंदरांत येणाऱ्या बोटींना कार्बनचे पैसे लावले. जगभरासाठी तसाच नियम एप्रिल २०२५ मध्ये लंडनला तत्त्वतः मान्य झाला. ऑक्टोबरमध्ये त्यावर शिक्कामोर्तब व्हायचं होतं. १७ ऑक्टोबरला मतदान झालं, ते नियमावर नव्हे, तर निर्णय एक वर्ष पुढे ढकलायचा का यावर. अमेरिकेने कडाडून विरोध केला होता, ठराव सौदी अरेबियाने मांडला, आणि ५७ विरुद्ध ४९ मतांनी निर्णय पुढे गेला. दिवाळी तीन दिवसांवर होती.

तुम्ही म्हणाल, कंपन्यांना आनंद झाला असेल. काहींना झालाही असेल. पण २०२१ मध्ये मर्स्कच्या प्रमुखाने स्वतःच मागणी केली होती, की कार्बनच्या टनाला १५० डॉलर कर लावा. स्वतःवर कर मागणारा धंदेवाईक माणूस बघितलाय कधी? २०२३ मध्ये त्यांची मिथेनॉलवर चालणारी पहिली कंटेनर बोट आली. स्वच्छ इंधन आजही जाड तेलापेक्षा कितीतरी महाग. ज्यांनी पुढचं ओळखून पैसे घातले, अभ्यास करून आले, त्यांना लंडनहून निरोप गेला की पेपर पुढे ढकललाय. आणि जे काहीच न करता बसले होते ते शहाणे ठरले.

भाचा म्हणाला, "आम्ही करायला तयार आहोत गं. पण सगळ्यांनी करायला हवं ना." मला त्याच्या तोंडात त्या दोन वेण्यांच्या मुलीचाच प्रश्न ऐकू आला.

तिने भावाला काय सांगितलं, मला माहीत नाही. आता पन्नाशीला आली असेल. हे कुठे वाचनात आलं तर तिला एवढंच सांगायचं आहे, की बाई, तेव्हा मी फळ्यावर वेळ लिहीत होते ती तुझ्याकडे बघायची हिंमत नव्हती म्हणून. माझं चुकलं.

असो. भाचा जानेवारीत पुन्हा बोटीवर गेला. परवा मध्यरात्री मेसेज आला, "आत्या, तेल बदललं. पुलाखालून चाललोय." मी सकाळी उत्तर पाठवलं, "नीट जा. नाकाला माझा नमस्कार सांग."

तुम्हाला काय वाटतं ते जरूर लिहा. आणि माहेरच्या मंडळींनी फोनवर सांगण्यापेक्षा खाली कॉमेंटमध्ये लिहिलंत तर बाकीच्यांनाही वाचता येईल!